तीन जिंकल्या, चौथी राहिली: न्यूयॉर्क २०२१ च्या अंतिम सामन्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

रविवार, १२ सप्टेंबर २०२१. न्यूयॉर्कच्या आर्थर अ‍ॅश स्टेडियममध्ये अमेरिकन टेनिस स्पर्धेचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना होता. तिथे दुपारचे चार वाजले तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड झाला होता, तारीखही बदलली होती. त्या दिवशी घरी गौरी आल्या होत्या. बाकीचे दमून झोपले होते, देवापुढचा दिवा तेवत होता, आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो. मुलांना टेनिस शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण एखाद्या सामन्याची इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती. नोव्हाक जोकोविच त्या रात्री जिंकला असता तर ५२ वर्षांत कुणाही पुरुष खेळाडूला न जमलेली गोष्ट त्याने केली असती.

ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकणं म्हणजे कॅलेंडर ग्रँडस्लॅम. पुरुष एकेरीत हे दोघांनाच साधलं: डॉन बज यांना १९३८ मध्ये आणि रॉड लेव्हर यांना १९६२ व १९६९ असं दोनदा. महिलांमध्ये मॉरीन कॉनोली (१९५३), मार्गारेट कोर्ट (१९७०) आणि स्टेफी ग्राफ (१९८८). यादी इथेच संपते. लेव्हर यांच्या काळात चारपैकी तीन स्पर्धा गवतावर होत. जोकोविचला हार्ड कोर्ट, लाल माती, गवत आणि पुन्हा हार्ड कोर्ट असा प्रवास करायचा होता, तोही चौतिसाव्या वर्षी.

तीन हातात असताना चौथीच्या अंतिम सामन्यात हरणारे त्याच्या आधीही दोघं झाले होते. १९३३ मध्ये जॅक क्रॉफर्ड फ्रेड पेरीविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असे पुढे होते. पुढचे दोन सेट त्यांनी ०-६, १-६ असे गमावले. १९५६ मध्ये ल्यू होड यांना केन रोझवॉलने अडवलं. दोन्ही वेळा गाव न्यूयॉर्कच.

२०२१ मध्ये जोकोविचने फेब्रुवारीत मेलबर्नला डॅनिल मेदवेदेवला ७-५, ६-२, ६-२ असं हरवलं. पॅरिसला उपांत्य फेरीत नदालला त्याच्याच मातीवर हरवून अंतिम सामन्यात त्सित्सिपासविरुद्ध दोन सेटची पिछाडी भरून काढली. ११ जुलैला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात बेरेटिनीला नमवलं आणि २० विजेतेपदांसह तो फेडरर-नदालच्या बरोबरीला आला. न्यूयॉर्कला फक्त विक्रमाचा नाही, तर एकविसाव्या विजेतेपदाचा, म्हणजे दोघांच्याही पुढे जायचाही प्रश्न होता.

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे: मेदवेदेव ६-४, ६-४, ६-४, सव्वादोन तासांत. हे कसं झालं, यावर "दडपण आलं" एवढं बोलून बरेच जण मोकळे होतात. मला ते पुरत नाही. दडपण होतंच. पण त्या रविवारी कोर्टवर जे दिसलं त्याची मुळं दोन महिने मागे जातात, आणि शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

अडचण

विम्बल्डननंतर जोकोविचसमोर दोन ध्येयं एकाच वेळी उभी राहिली. जुलैअखेर टोकियो ऑलिंपिक, आणि ३० ऑगस्टपासून अमेरिकन स्पर्धा. ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं असतं तर त्याच वर्षी चार ग्रँडस्लॅम अधिक सुवर्ण असा गोल्डन स्लॅम शक्य होता, जो एकेरीत फक्त ग्राफने केला आहे. शिवाय ऑलिंपिक ही जोकोविचची जुनी जखम. २००८ मध्ये बीजिंगला कांस्य मिळालं, २०१२ मध्ये कांस्यपदकाचा सामनाही हरला, आणि २०१६ मध्ये रिओला पहिल्याच फेरीत बाहेर पडून तो कोर्टवरून रडत गेला होता. सर्बियासाठी खेळणं त्याच्यासाठी काय आहे, हे ज्याने पाहिलं आहे त्याला तो टोकियोला का गेला हे विचारावं लागत नाही.

अडचण अशी की शरीर एकच होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय टोकियोचा. विम्बल्डन जिंकल्यावर त्याने स्वतःच सांगितलं होतं की जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. प्रेक्षक नसणार होते, सोबत माणसं नेण्यावरही बंधनं होती. न जाता विश्रांती घेणं, जाऊन फक्त एकेरी खेळणं, किंवा एकेरीबरोबर मिश्र दुहेरीही खेळणं, हे तीन रस्ते होते. त्याने तिसरा घेतला. जायचं ठरवताना जपानमधल्या एका छोट्या चाहत्याला निराश करवत नाही, असंही त्याने लिहिलं होतं.

दुसरा निर्णय ऑगस्टचा. टोरांटो आणि सिनसिनाटी या दोन मोठ्या स्पर्धा त्या वर्षी अमेरिकन स्पर्धेच्या आधी होत्या. तिथे खेळलं की हार्ड कोर्टवरचा हात बसतो, पण शरीर झिजतं. त्याच वर्षी विम्बल्डनआधी तो गवतावर एकेरीचा एकही स्पर्धा-सामना खेळला नव्हता, मायोर्कात फक्त दुहेरी खेळला होता, आणि तरी विम्बल्डन जिंकला होता. त्यामुळे सराव-स्पर्धा टाळूनही चालेल, या हिशेबाला ताजा आधार होता.

तिसरा निर्णय बोलण्याचा. विक्रमाविषयी उघड बोलायचं की तो विषयच बंद ठेवायचा?

आणि चौथा, प्रत्यक्ष अंतिम सामन्यातला: बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, बऱ्याच मागे उभं राहून प्रत्येक चेंडू परत पाठवणाऱ्या मेदवेदेवशी कसं खेळायचं. मेलबर्नसारखं मागे राहून लांब रॅलींमध्ये त्याला झिजवायचं, की नेटकडे धावून गुण लवकर संपवायचे.

प्रत्यक्षात काय केलं

टोकियोची उष्णता आणि दमटपणा असह्य होता. खेळाडूंच्या मागणीवरून सामने दुपारी तीनपासून सुरू करावे लागले. उपांत्य फेरीत जोकोविचने झ्वेरेव्हविरुद्ध पहिला सेट ६-१ घेतला, दुसऱ्यातही तो पुढे होता, आणि तिथून सामना निसटला: झ्वेरेव्ह १-६, ६-३, ६-१. गोल्डन स्लॅम तिथेच संपला. त्याच दिवशी तो मिश्र दुहेरीची उपांत्य फेरीही खेळला आणि हरला. दुसऱ्या दिवशी कांस्यपदकासाठी कारेन्यो बुस्टाविरुद्ध तीन सेट चालले. त्यात त्याने एक रॅकेट रिकाम्या प्रेक्षागृहात भिरकावली, एक मोडली, आणि सामना गमावला. मग खांद्याच्या दुखण्यामुळे मिश्र दुहेरीच्या कांस्यपदकाच्या सामन्यातून माघार घेतली. मिश्र दुहेरीतली त्याची सहकारीही पदकाविना परतली, ही त्यातली जास्त बोचणारी गोष्ट.

तो ३१ जुलै होता. न्यूयॉर्कला त्याचा पहिला सामना ३१ ऑगस्टला झाला. मधल्या महिन्यात एकही स्पर्धा नाही. त्याच महिन्यात मेदवेदेवने टोरांटोची स्पर्धा जिंकली आणि सिनसिनाटीला उपांत्य फेरी गाठली.

मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो तो भाग आता येतो. न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्या फेरीपासून जोकोविचने प्रत्येक सामन्याचा पहिला सेट गमावला. निशिकोरीविरुद्ध टायब्रेकमध्ये. मग ब्रूक्सबीविरुद्ध १-६. मग बेरेटिनीविरुद्ध ५-७. मग झ्वेरेव्हविरुद्ध ४-६. शेवटी अंतिम सामन्यात ४-६. सलग पाच सामने. अंतिम सामन्याआधी तो सहा सेट हरला होता, मेदवेदेव एकच. जोकोविचचे कोर्टवरचे तास साडेसतराच्या आसपास झाले होते, मेदवेदेवचे जेमतेम बारा. सामने सारखेच, सहा-सहा.

लोक म्हणाले, बघा, मागे पडूनही कसा परत येतो. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि त्या जिद्दीला मी आजही मानतो. पण पहिला सेट सतत जात असेल तर त्याचा अर्थ हात उशिरा बसतो आहे. सामन्यांचा सराव नसल्याची ती खूण आहे. आणि परत येण्याची किंमत असते. ती त्या सामन्यात लागत नाही, दोन दिवसांनी लागते.

ती किंमत झ्वेरेव्हच्या सामन्यात सगळ्यात जास्त मोजली गेली. शुक्रवारी रात्री पाच सेट, साडेतीन तासांहून जास्त. त्यात पन्नासहून अधिक फटक्यांची एक रॅली होती. मेदवेदेवने त्याच दिवशी आधी आपला सामना तीन सेटमध्ये आटपला होता. त्या रात्री कोर्टवरच्या मुलाखतीत जोकोविच म्हणाला की पुढचा सामना मी कारकिर्दीतला शेवटचा असल्यासारखा खेळणार. मन तयार होतं. पायांना सावरायला जेमतेम चाळीस तास मिळाले.

बोलण्याचं म्हणाल तर, स्पर्धेपूर्वी त्याने विक्रमाचा विचार मनात असल्याचं कबूल केलं होतं. पुढे स्पर्धा सरकत गेली तसा तो त्या विषयावरचे प्रश्न बाजूला सारत गेला. या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. रोज एकाच प्रश्नाला उत्तर देणं हाही थकवाच. पण तोंडाने टाळलं म्हणून डोक्यातून ते गेलं नव्हतं, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं.

अंतिम सामना, जवळून

पहिल्याच गेममध्ये जोकोविचची सर्व्हिस मोडली, म्हणजे स्वतः सर्व्हिस करत असलेला गेम त्याने गमावला. पाय चेंडूपर्यंत पोचत होते, पण अर्ध्या पावलाने उशिरा. मेदवेदेवची सर्व्हिस त्या दिवशी अफाट होती, सामन्यात १६ बिनतोड सर्व्हिस, आणि दुसरी सर्व्हिसही तो न घाबरता जोरात मारत होता. एरवी दुसऱ्या सर्व्हिसवर तुटून पडणं हेच तर जोकोविचचं हत्यार. ते पहिल्या तासातच निकामी झालं.

सामना फिरू शकला असता ती जागा दुसऱ्या सेटच्या दुसऱ्या गेममध्ये आहे. जोकोविच १-० पुढे, मेदवेदेवच्या सर्व्हिसवर ०-४०. तीन ब्रेक पॉइंट, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस मोडण्याच्या तीन संधी. तिन्ही गेल्या. पुन्हा २-१ असताना ब्रेक पॉइंट आला. तेव्हा मेदवेदेवच्या पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसच्या मध्येच स्टेडियमच्या ध्वनियंत्रणेतून आवाज आला, खेळ थांबला. तीही संधी गेली, आणि जोकोविचने रॅकेट जमिनीवर एकदा, दोनदा, तीनदा आपटून मोडली. पंचांनी ताकीद दिली. लगेच पुढच्या गेममध्ये त्याची सर्व्हिस मोडली गेली. ३-२, मेदवेदेव.

हे दोन गेम मी कितीदा पाहिले असतील कोण जाणे. रॅकेट मोडण्याला मी सामना हरण्याचं कारण मानत नाही. पण सामन्यात मिळालेल्या सहा ब्रेक पॉइंटपैकी त्याने एकच घेतला, आणि तोही खूप उशिरा. आयुष्यभर ज्याने इतरांचे ब्रेक पॉइंट कसायासारखे घेतले, त्याच्या बाबतीत हा आकडा थकव्याशिवाय समजत नाही.

मग नेटचा प्रश्न. जोकोविच त्या दिवशी चाळीसहून अधिक वेळा नेटकडे गेला, सर्व्हिस करून थेट पुढे धावण्याचं प्रमाण त्याच्यासाठी विलक्षण होतं. सामन्यानंतर अनेकांनी हीच चूक म्हणून बोट दाखवलं. आपला खेळ सोडून तो दुसऱ्याचा खेळ खेळला, असं.

मला हे पटत नाही. इतक्या मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूसमोर नेट ही बरोबर जागा आहे, आणि तिथे त्याने गमावल्यापेक्षा जास्त गुण मिळवले. चूक डावात नव्हती. तो डाव ज्या पायांनी टाकला त्यांत होती. लांब रॅली खेळवत नव्हत्या म्हणून तो पुढे धावत होता, आणि हे मेदवेदेवलाही कळत होतं. ज्याला मागे राहून थांबता येतं, त्याचं पुढे येणं भीतिदायक असतं. ज्याला मागे राहवतच नाही, त्याचं पुढे येणं अपेक्षित असतं.

तिसरा सेट ४-० झाला. ५-२ वर मेदवेदेवकडे विजयाचा गुण होता. प्रेक्षक त्याच्या दोन सर्व्हिसच्या मध्ये ओरडत होते, आणि त्याच्या दुहेरी चुका झाल्या, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या. सर्व्हिस मोडली, ५-३. मग जोकोविचने आपली सर्व्हिस राखली, ५-४.

बाजू बदलताना तो खुर्चीत बसला. अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने गर्जत होतं. ज्या न्यूयॉर्कने २०१५ च्या अंतिम सामन्यात फेडररसाठी त्याच्याविरुद्ध आकाश डोक्यावर घेतलं होतं, तेच न्यूयॉर्क. त्याने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं आणि रडला. उठून बेसलाइनला जातानाही डोळे ओले होते. मी आवाज बंद ठेवला होता, तरी त्या क्षणी मला तो आवाज ऐकू आल्याची आठवण आहे.

पुढच्या गेममध्ये मेदवेदेवने काम पुरं केलं आणि कोर्टवर आडवा पडला. रॉड लेव्हर प्रेक्षकांत बसून होते.

निष्पत्ती

मेदवेदेवचं हे पहिलं ग्रँडस्लॅम विजेतेपद. स्वीकारताना त्याने आधी जोकोविचची आणि त्याच्या चाहत्यांची माफी मागितली, आणि माझ्या मते इतिहासातला सर्वश्रेष्ठ खेळाडू तूच, असं त्याला तोंडावर सांगितलं. जोकोविच प्रेक्षकांना म्हणाला की सामना हरलो तरी आज माझं मन भरून आलं आहे, न्यूयॉर्कमध्ये मला असं कधी वाटलं नव्हतं. पत्रकारांशी बोलताना त्याने दुःखाबरोबर सुटकेचीही भावना बोलून दाखवली: हे सगळं एकदाचं संपलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "सर, तो शेवटच्या गेमच्या आधीच का रडला? तेव्हा तर तो हरला नव्हता ना?" मी तिला तेव्हा दडपणाचं काहीतरी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही. आज मी तिला सांगेन की दोन महिने ज्या माणसाने दात-ओठ खाऊन सगळं आत ठेवलं, त्याला त्या खुर्चीत पहिल्यांदा कुणीतरी जवळ घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

टोकियोला जाणं मी चूक मानत नाही. देशासाठी खेळायची ओढ हिशेबात बसवता येत नाही, बसवूही नये. पण मिश्र दुहेरी टाळता आली असती. उष्णतेत एकाच दिवशी दोन उपांत्य सामने हा खर्च नको होता.

खरा निर्णय ऑगस्टचा होता. विम्बल्डनआधीचा अनुभव इथे लावला गेला, पण तेव्हा तो फ्रेंच स्पर्धा जिंकून, सामन्यांच्या भरात गवतावर आला होता. न्यूयॉर्कला तो एकेरीतले दोन पराभव, दुखरा खांदा आणि महिनाभराची शांतता घेऊन आला. या दोन परिस्थिती सारख्या नव्हत्या. सिनसिनाटीला दोन-तीन सामने खेळून तो हरला असता तरी चाललं असतं. पहिले सेट कदाचित इतके गेले नसते, दोन-तीन सेट कमी खेळावे लागले असते, आणि त्या ०-४० वर पाय वेगळे असते. हे सिद्ध करता येत नाही. मेदवेदेव त्या दिवशी ज्या सफाईने खेळला त्यासमोर ताजा जोकोविचही हरला असता, हेही शक्य आहे, आणि त्याचं श्रेय कमी करणं अन्याय होईल.

सामन्याच्या आत एकच गोष्ट: ०-४० गेल्यावर एक-दोन मिनिटं खेळ संथ करायला हवा होता. तो गेम गेल्यावरही सेट बरोबरीत होता. पण त्याच्या मनात सेट तेव्हाच गेला असावा.

पुढे काय झालं

नोव्हेंबरमध्ये पॅरिस मास्टर्सच्या अंतिम सामन्यात दोघं पुन्हा समोरासमोर आले. जोकोविच पुन्हा नेटकडे धावला, आणि या वेळी ४-६, ६-३, ६-३ असा जिंकला. २०२३ मध्ये तो ऑगस्टात सिनसिनाटीला खेळला. तिथे अल्काराझविरुद्धचा अंतिम सामना जवळजवळ चार तास चालला आणि त्याने तो जिंकला. मग न्यूयॉर्कला, त्याच कोर्टवर, त्याच मेदवेदेवविरुद्ध अंतिम सामना. दुसरा सेट पावणेदोन तासांच्या जवळ गेला, रॅलींनंतर तो वाकून श्वास घेत होता, आणि तरी सर्व्हिस करून पुढे धावत राहिला. ६-३, ७-६, ६-३. चोविसावं विजेतेपद.

टोकियोत हुकलेलं सुवर्ण २०२४ मध्ये पॅरिसला, सदतिसाव्या वर्षी मिळालं. पुरुषांच्या कॅलेंडर ग्रँडस्लॅमच्या यादीत शेवटचं वर्ष मात्र अजूनही १९६९ आहे. आणि त्यानंतर त्या यादीच्या जो सर्वांत जवळ गेला, तो त्या दिवशी तीन सेटमध्ये दहापैकी चार-चार गेम जिंकून थांबला.